उमेदवाराची मालमत्ता, उत्पन्न आणि कर

निवडणुकीतील उमेदवारांची शपथपत्रे प्रसिद्ध होताच त्यांतील आकड्यांवरून वाद सुरू होतो. पाच वर्षांत मालमत्ता दुप्पट कशी झाली, असे एक पक्ष विचारतो. आयकर इतका अल्प कसा, असे दुसरा. या दोन्ही प्रश्नांत मालमत्ता, उत्पन्न आणि करपात्र उत्पन्न या तीन भिन्न संकल्पनांची गल्लत झालेली असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांमुळे मालमत्तेचे हे प्रकटीकरण अनिवार्य झाले. स्थावर मालमत्तेचा अंदाजे चालू बाजारभाव शपथपत्रात द्यावा लागतो. २०१९ पासून मागील पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतील उत्पन्नही द्यावे लागते. पहिला आकडा एका दिवसाचा साठा दर्शवितो, तर दुसरा वर्षाचा प्रवाह.

निफाड तालुक्यातील एखाद्या द्राक्षबागाईतदार उमेदवाराचे उदाहरण घेऊ. त्याच्या पाच एकर जमिनीचा भाव दोन निवडणुकांच्या दरम्यान पन्नास लाखांवरून एक कोटीवर गेला, असे समजू. त्याची मालमत्ता दुप्पट झाली; परंतु जमीन विकली नसल्याने या वाढीपासून त्याला एका रुपयाचेही उत्पन्न झालेले नाही. उलटपक्षी, द्राक्षांपासून त्यास जे उत्पन्न झाले ते केंद्रीय आयकरातून मुक्त आहे. कारण राज्यघटनेने शेती-उत्पन्नावरील कर राज्यांच्या सूचीत घातला आहे. १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेलेले यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, १९७३ साली, शेती-उत्पन्न इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविण्यापुरते हिशेबात घेण्याची तरतूद झाली. मूळ सूट मात्र कायम राहिली.

जमीन विकल्यास स्थान निर्णायक ठरते. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरांच्या आतील शेतजमिनीच्या विक्रीवरील नफा सामान्यतः करपात्र असतो. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चौदा लाखांहून अधिक होती. म्हणून शहरालगतच्या जमिनीस हा नियम लागू पडतो.

अमेरिकेत प्रकटीकरणाचा रोख करविवरणपत्रांवर राहिला. अध्यक्ष निक्सन यांनी १९७३ साली आपली विवरणपत्रे प्रसिद्ध केली. ती तपासून काँग्रेसच्या समितीने १९७४ साली व्याजासह सुमारे ४ लाख ७६ हजार डॉलरांची बाकी काढली. तेथे वजावटींची छाननी शक्य झाली. आपल्या शपथपत्रात मालमत्तेचा तपशील असतो, पण वजावटींचा नसतो.

यास्तव मालमत्तेच्या एकूण वाढीतून बाजारभावाची वाढ प्रथम वजा केली पाहिजे. कर्जातील फरक हिशेबात धरून उरलेली वाढ करपात्र व शेतीच्या उत्पन्नातून शक्य होती काय, हाच खरा प्रश्न होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उत्पन्नाचे स्रोत उघड करण्याचा आदेश दिला तो याच कारणासाठी. हा हिशेब टाळल्यास प्रामाणिक शेतकरी नाहक संशयास पात्र ठरतो, आणि अप्रामाणिक माणसास करमुक्त शेतीचा आडोसा मिळतो.