शेळी फळवायची केव्हा?

पेरणीचा दिवस आपण किती विचारानं धरतो! वाफसा पाहतो, नक्षत्र पाहतो. पण शेळीच्या बाबतीत? बोकड कळपात मोकळा, आणि शेळी व्यायची तेव्हा विते. मग ऐन झडीत, ओल्या गोठ्यात करडं जन्मतात, गारठतात, त्यांना हगवण लागते आणि एखादं दगावतं. आपण म्हणतो, नशीब! पण बहुधा ते नशीब नसतं. पाच महिन्यांपूर्वी चुकलेली वेळ असते.

आता हरणाचं उदाहरण घ्या. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं. तिकडे ते पाळतातही. तिथं ४५ अक्षांशाजवळ उन्हाळ्यात दिवस साडेपंधरा तासांचा, तर हिवाळ्यात पावणेनऊ तासांचा. दिवस आखडू लागले की त्याची खूण डोळ्यांवाटे मेंदूला पोचते आणि मादी नोव्हेंबरच्या सुमारास माजावर येते. सुमारे २०० दिवसांनी, मे-जूनमध्ये, कोवळ्या गवतात पाडस जन्मतं. तिथं वेळ सूर्य ठरवतो.

आपल्या जालन्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान अकरा तासांचा. फरक थोडा. म्हणून आपली उस्मानाबादी शेळी बाराही महिने माजावर येऊ शकते. इथं वेळ सूर्य ठरवत नाही. ती मालकानं ठरवायची असते.

ठरवायची कशी? उलट मोजून. करडं केव्हा हवीत ते आधी ठरवा आणि १५० दिवस मागे या. मृगाच्या सुमारास, १० जूनला शेळी फळली, तर ७ नोव्हेंबरच्या आसपास विते. ज्येष्ठातली शेळी कार्तिकात, असं लक्षात ठेवा. मध्ये अधिक मास आला तर तोही मोजा. कार्तिकात पाऊस सरलेला, बांधावर हिरवं गवत, घरात मूग-उडदाचं भुसकट. शेळीला दूध राहतं, जुळी करडंही पोसली जातात. उलट जानेवारी-फेब्रुवारीत फळलेली शेळी ऐन पावसाळ्यात विते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळलेली उन्हाच्या तोंडावर. तेव्हा चारा संपलेला असतो.

अडचण एकच. ज्येष्ठात शेळ्या उन्हाळ्यानं रोडावलेल्या असतात. म्हणून दोन-तीन आठवडे आधीपासून रोज पावशेर भरडा द्या. सवय हळूहळू लावा. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात वेचून ठेवल्या असतील तर त्याही कामी येतात. अंग भरलं की शेळी माजावर नीट येते, जुळ्यांचा संभव वाढतो.

तोवर बोकड वेगळा बांधा. शेळी सारखी ओरडू लागली, शेपटी हलवू लागली, निरणातून चिकट स्राव दिसला, की माज ओळखा. तो दीड दिवसाच्या आत संपतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवा. चुकला तर सुमारे २१ दिवसांनी पुन्हा येतो. कोवळ्या पाठीला मात्र घाई नको. आठ-दहा महिन्यांची होऊन अंग धरू द्या. बाप-लेकीचा संबंध टाळा.

“दोन वर्षांत तीन वेतं घेतात ना?” असं कुणी विचारील. घेतात. पण आठ-आठ महिन्यांचं गणित मांडून पाहा: नोव्हेंबर, मग जुलै, मग मार्च. म्हणजे एक वेत पावसात आणि एक उन्हात येणारच. ज्याच्याकडे कोरडा गोठा आणि साठवलेला चारा आहे, त्यानं ते जरूर करावं. पण दोन शेळ्यांवर लेकरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या मजुराला जन्मलेल्या तीन करडांपेक्षा जगलेली दोन करडं मोलाची.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि ज्याच्या घरी शेळी आहे त्या मुलाला १५० दिवस मोजायला सांगा. बेरीज-वजाबाकीही होईल आणि घरी जाऊन तो बापाला तारीख सांगेल.

बोकड सोडण्याआधी, मंडळी, एकदा कॅलेंडर पाहा.