मजुरी : निरंक

भाव पाडून घेता येणे हा आपल्याकडे कौतुकाचा गुण आहे. नवी वस्तू घरात आली की पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ असा असतो. उत्तर ऐकून शेजारीण म्हणाली, ‘अगं बाई, मला तर यापेक्षा स्वस्त मिळाली होती,’ की घेणारीचा अर्धा आनंद तिथेच मावळतो. शंभराची वस्तू साठाला आणणारा माणूस मात्र चार दिवस घरात तोऱ्यात वावरतो. या तोऱ्याला मी नावे ठेवणार नाही. ज्याची तीसेक वर्षे बँकेच्या नोकरीत गेली, त्याने काटकसरीला हसणे शोभत नाही. पण वाचलेले चाळीस रुपये आले कुठून, हा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि तो काही माझी पाठ सोडत नाही.

कधी ते दुकानदाराच्या नफ्यातून येतात, कधी मधला दलाल वगळल्यामुळे. कधी यंत्राने काम झटपट होते, कधी हंगामात माल उदंड येतो. अशी स्वस्ताई निर्मळ असते, तिचा आनंद खुशाल घ्यावा. परंतु आणखी एक स्वस्ताई असते. ती मला कळली ती इस्लापूरला.

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, किनवट तालुक्यात, पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याजवळ हे गाव आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूर मंडळाचा नावानिशी उल्लेख आहे. तोवर हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी सहज कानावर पडायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नोकरीच्या निमित्ताने मी या भागात होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटण्याचे ते दिवस. शेळ्या, शिलाईयंत्र, किराणा दुकान आणि बांबूकाम यांचे अर्ज टेबलावर येत.

टोपल्या, सुपे, दुरड्या विणणाऱ्या एका गृहस्थाचा अर्ज मी त्यांच्यासमोर भरत होतो. बांबूचा खर्च लिहिला, कोयत्या-सुऱ्यांचा लिहिला, बाजारापर्यंत माल नेण्याचे भाडे लिहिले. मजुरीच्या रकान्यापाशी आलो आणि विचारले, ‘‘विणायला माणसं किती लागतात?’’

‘‘मी, मंडळी आन् थोरली पोरगी.’’

‘‘मग त्यांच्या मजुरीचे किती धरायचे?’’

ते हसले. म्हणाले, ‘‘घरचंच काम हाय साहेब, त्याचे कशाचे पैशे?’’

अशा अर्जांत त्या रकान्यापुढे एकच शब्द लिहिण्याचा रिवाज होता : निरंक. सरकारी मराठीत निरंक म्हणजे काही नाही. बांबू फोडणे, त्याच्या कामट्या काढणे, त्या तासणे, भिजवणे आणि मग विणणे, तीन माणसांचे दिवसच्या दिवस त्या एका शब्दात मावत. मजुरी शून्य असल्यामुळे धंदा कागदावर नफ्यात दिसे.

हेच शून्य घेऊन ते कुटुंब आठवडी बाजारात बसायचे. टोपली केवढ्याला पडली हे त्यांनी स्वतःच मोजलेले नसे, मग गिऱ्हाइकाला काय सांगणार? बांबूचे पैसे सुटले आणि वर थोडे मिळाले की ते टोपली देऊन टाकत. जाणते गिऱ्हाईक दुपारी यायचेच नाही. दिवस कलला, परतीच्या गाडीची वेळ झाली की यायचे. उरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन परत जाण्यापेक्षा मिळेल तो भाव बरा, हे त्याला ठाऊक असे. याला आपण बाजारभाव म्हणतो. खरे तर तो दुसऱ्याच्या अडचणीचा भाव असतो.

कापसाचेही तेच आहे. आपल्या शेतात राबणाऱ्या शेतकऱ्याची, त्याच्या बायकोची, सुटीच्या दिवशी वेचणीला जाणाऱ्या मुलांची मजुरी घरच्या हिशेबात कुणी लिहीत नाही. निदान कागदावर तरी ही चूक सुधारली गेली आहे. केंद्र सरकारचा कृषी मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना बियाणे, खत, मजूर यांच्या रोख खर्चात घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत मिळवतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरून आणखी एक मोठा आकडा निघतो. हमीभाव यांपैकी कोणत्या खर्चावर ठरावा, यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला. तो पुरेसा की अपुरा, हे ज्याने कापूस पिकवला त्याला विचारावे. पण ‘घरचे काम’ हीसुद्धा मजुरी आहे, एवढे तरी त्या हिशेबात मान्य झाले आहे.

हा विचार काही आजचा नाही. खादीची चळवळ सुरू झाली तेव्हा खादी स्वस्त कशी होईल, याचीच सर्वांना काळजी होती. ती स्वस्त होत होती ती कातणाऱ्या बाईच्या जिवावर. १९३५ साली गांधीजींनी हा हिशेब उलटा मांडला. आठ तास कातणाऱ्या बाईला आठ आणे मिळावेत, असा त्यांचा आग्रह होता. सहकारी बिचकले. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. आठ आणे काही जमले नाहीत. पण कातणारीच्या पोटाला किती लागते ते आधी पाहायचे आणि त्यावरून खादीची किंमत ठरवायची, हे तत्त्व चरखा संघाने त्याच वर्षी स्वीकारले. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी त्या काळात तासन्‌तास कातून केवळ त्या मजुरीवर जगून पाहिले. दुसऱ्याच्या मजुरीचा दर ठरवण्याआधी ती स्वतः खाऊन बघण्याचा असा प्रयोग क्वचितच कुणी केला असेल.

त्या हिशेबाचा धागा आपल्या नांदेड-लातूरपर्यंत येतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे नांदेडचे केंद्र राष्ट्रध्वज तयार करते. ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणले जाते, रंगायला अहमदाबादला जाते आणि शिवायला नांदेडला येते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावरच्या कापडाचा, पॉलिस्टरचाही ध्वज चालू लागला. २०२२च्या ऑगस्टमध्ये टपाल कार्यालयात २५ रुपयांना ध्वज मिळत होता. त्यामुळे ज्याला एरवी घेणे परवडले नसते, त्याच्याही दारावर तिरंगा लागला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण सुताची हजार मीटरची एक गुंडी कातण्याची मजुरी वाढत वाढत १ एप्रिल २०२५ पासून १५ रुपये झाली आहे. एक किलोमीटर सूत आणि १५ रुपये! खादीचा ध्वज महाग का, असे विचारण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांपुढे आणावा. मग तो ध्वज महाग आहे की अजूनही स्वस्तच आहे, असा प्रश्न पडतो.

याचा अर्थ सांगेल ती किंमत मुकाट्याने मोजावी, असा नाही. महाग म्हणजे रास्त नव्हे. चकचकीत दुकानातल्या वस्तूच्या किमतीत भाडे, जाहिरात आणि वातानुकूलन असते. कारागिराच्या हाती तिथेही थोडेच पडते. तसेच महिनाअखेरीस ज्या घरात खरोखरच चणचण आहे, तिथल्या गृहिणीला कुणी हा उपदेश करू नये. तिचीही मजुरी बहुधा कुठेतरी निरंक लिहिलेली असते.

माझे म्हणणे ज्यांना परवडते त्यांच्यासाठी आहे. घासाघीस जरूर करावी, पण आपल्यापेक्षा बळकट असलेल्याशी. गाडी घेताना, फ्लॅट घेताना, कर्जाचा व्याजदर ठरवताना करावी. तिथे आपण गप्प बसतो, छापील आकड्याखाली सही करतो आणि बाहेर येऊन कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये वाचवतो. हा पराक्रम उलट्या जागी होतो आहे.

रास्त भाव देणे म्हणजे दानधर्मही नव्हे. दान घेणाऱ्याची मान खाली जाते, भाव घेणाऱ्याची वर राहते. शिवाय त्यात आपला स्वार्थ आहे. इस्लापूरच्या त्या टोपल्या वर्षानुवर्षे टिकत. मजुरी सुटत नाही असे दिसल्यावर कारागिराची मुले तो धंदा का करतील? मग आपण प्लास्टिकची टोपली घेतो, ती दर वर्षी फुटते, आणि पूर्वीसारखी वस्तू मिळत नाही म्हणून हळहळतो. ती वस्तू आपल्याच भावाने संपलेली असते.

म्हणून हाताने केलेली वस्तू घेताना मनातल्या मनात एक छोटा हिशेब करावा. याला किती दिवस लागले असतील? आपल्याच मुलाने एवढे दिवस राबून ही वस्तू केली असती, तर आपण किती मागितले असते? तेवढे देणे प्रत्येक वेळी जमेलच असे नाही. पण त्या रकान्यात निरंक लिहायचे नाही, एवढे तर आपल्या हातात आहे.