एशियाडचं गोल्ड जिंकून आलेल्या धनराज पिल्लेला टीमबाहेर का बसवलं? असाच किस्सा ४१ वर्षांपूर्वी आइस हॉकीत घडला होता

डिसेंबर १९९८. बँकॉक एशियाडची हॉकी फायनल, समोर दक्षिण कोरिया. मॅच १-१ बरोबरीत सुटली आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलकीपर आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला आणि भारत जिंकला. एशियाडमधलं हॉकीचं गोल्ड तब्बल ३२ वर्षांनी घरी आलं. कॅप्टन होता खडकीचा धनराज पिल्ले.

त्यानंतरची सिरीज पाकिस्तानविरुद्ध होती. टीम जाहीर झाली आणि त्यात कॅप्टनच नव्हता. बल्लाळसह बरेच सिनियर खेळाडूही गायब. फेडरेशनने कारण दिलं की खेळाडू थकलेत, त्यांना विश्रांती दिली आहे.

हॉकीप्रेमींना काही ते पटलं नाही. कारण धनराज पैशांबद्दल बोलला होता. मॅच फी मिळत नाही, परदेश दौऱ्यावरचा भत्ता पुरत नाही, सोयी धड नाहीत, हे त्याने उघडपणे मांडलं होतं. त्याचीच ही शिक्षा, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं.

धनराजला पैशाची किंमत नीट माहीत होती. १६ जुलै १९६८ चा जन्म, वडील खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदानाची देखभाल करायचे. पाच भावंडं हॉकी खेळायची, पण नवी स्टिक कुठून येणार? मोडलेल्या स्टिकला दोरी गुंडाळायची आणि कुणीतरी टाकून दिलेल्या बॉलवर प्रॅक्टिस करायची. मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळायचा, त्याच्यामागोमाग धनराजही मुंबईत आला. तिथे जोकिम कार्व्हालो यांनी त्याला हेरलं आणि महिंद्रा अँड महिंद्राच्या टीममध्ये नेलं. १९८९ मध्ये तो भारताकडून खेळायला लागला. पुढे इंडियन एअरलाइन्सची नोकरी.

खरी गोम या नोकरीत आहे. त्या काळात भारतीय हॉकीपटूचा पगार कंपनी किंवा सरकारी खातं द्यायचं आणि इंडियाची जर्सी फेडरेशन द्यायचं. म्हणजे फेडरेशनला खेळाडू जवळपास फुकटात मिळायचा. फुकटात मिळणारा माणूस एक दिवस मोबदला मागायला लागला, तर त्याला समजावण्यापेक्षा बदलणं सोपं पडतं.

आता जरा बर्फाकडे जाऊ. आइस हॉकी आपल्याकडे लडाख, हिमाचल सोडलं तर फारशी दिसत नाही. तळोजा एमआयडीसीत बर्फाला तोटा नाही, पण तो एक्सपोर्टच्या कोळंबीसाठी! कॅनडा-अमेरिकेत मात्र नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की लोकांना हाच खेळ आठवतो. तिथली एनएचएल ही लीग १९१७ पासून सुरू आहे आणि अलीकडच्या सीझन्समध्ये तिथे खेळाडूचा किमान पगारच वर्षाला ७ लाख ७५ हजार डॉलर होता. किमान, म्हणजे बेंचवर बसणाऱ्यालासुद्धा.

पण हा पगार मालकांनी प्रेमाने दिलेला नाही.

१९५० च्या दशकात डेट्रॉइट रेड विंग्ज टीमचा टेड लिंडसे हा लीगमधला बडा स्टार होता. चार वेळा स्टॅनले कप जिंकलेला, माजी कॅप्टन. खेळाडूंच्या पगारातून पेन्शनसाठी पैसे कापले जायचे, पण त्या फंडाचा हिशोब मागितला की कुणी दाखवायचं नाही. लिंडसेने १९५७ मध्ये सहकाऱ्यांना गोळा करून खेळाडूंची संघटना काढली. तो सीझन त्याच्या करिअरमधला सर्वात भारी होता, ८५ पॉइंट्स. सीझन संपला आणि डेट्रॉइटने त्याला थेट शिकागोला पाठवलं, जी तेव्हा लीगमधली तळाची टीम होती. संघटना मोडली. पण विषय संपला नाही. १९६७ मध्ये खेळाडूंची नवी संघटना उभी राहिली आणि ती आजही मालकांशी किमान पगाराचा करार करते. खेळाडूंनी मतदान करून निवडलेल्या सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार मिळतो, त्याला २०१० मध्ये लिंडसेचं नाव देण्यात आलं.

आपल्याकडे धनराज परत आला, संघटना मात्र झाली नाही. ती होणार तरी कशी? पगार एकाच्या हातात, सिलेक्शन दुसऱ्याच्या, भांडायचं कुणाशी?

मग धनराजने प्रोफेशनल खेळाडू होण्याचा रस्ता बाहेर शोधला. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधलं ल्योन, जर्मनीतलं स्टुटगार्ट, ढाक्याचं अबाहनी, मलेशियातले क्लब, तो सगळीकडे खेळला. दुसरीकडे भारतासाठी चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार एशियाड. असा विक्रम जगात दुसऱ्या कुणाचा नाही. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याचं वय होतं ३४. ऑलिंपिक मेडल तेवढं राहिलं. सिडनीत पोलंडने शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली आणि सेमीफायनल हुकली, ती सल कायमची.

फेडरेशनच्या सवयी मात्र लवकर बदलल्या नाहीत. २०११ मध्ये भारताने एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, तेव्हा हॉकी इंडियाने प्रत्येकी २५ हजार रुपये जाहीर केले आणि खेळाडूंनी ते घ्यायला नकार दिला. त्याच टीममधल्या युवराज वाल्मिकीच्या मुंबईतल्या घरात तोवर लाइटसुद्धा नव्हती.

पैसा आला तो हॉकी इंडिया लीगमधून. २०१३ मध्ये सुरू झालेली ही लीग २०१७ नंतर बंद पडली आणि २०२४ च्या शेवटी परतली. त्या लिलावात हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली. पुरुषांच्या आठ टीम्स उतरल्या, पण त्यात महाराष्ट्राची एकही नव्हती.