एकवीस नाही, पाचच दूर्वा

गणेश चतुर्थीच्या सकाळी आम्हा इल्फर्डकरांच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो : एकवीस दूर्वा आणायच्या कुठून? दुकानात नाही मिळाल्या, की कुणीतरी मागच्या अंगणात उतरतं आणि हिरवळीतलं कोवळं गवत खुडून आणतं. मीही अनेक वर्षं तेच केलं. गेल्या वर्षी लेक म्हणाली, “आई, आजीने फोनवर दाखवल्या त्या दूर्वा अशा नव्हत्या.”

खरंच होतं तिचं. इथल्या हिरवळीत बहुधा राय गवत असतं. ते हिवाळ्यातही हिरवं राहतं. आपली दूर्वा, म्हणजे शेतकऱ्याची हरळी, उन्हात वाढणारी. थंडी पडली की ती पिवळी पडते.

मग या थंड मुलखाला स्वतःचं पवित्र गवत नाही का? आहे! नावच ‘होली ग्रास’. उत्तर युरोप, सायबेरिया, उत्तर अमेरिका इथल्या ओलसर जमिनीत ते वर्षानुवर्षं टिकतं आणि हरळीसारखंच जमिनीखालच्या आडव्या खोडांतून पसरतं. वाळ्याचा सुगंध मुळांत असतो, याचा पानांत; सुकताना तो आणखी खुलतो. उत्तर युरोपात सणाच्या दिवशी ते चर्चच्या दाराशी अंथरत. अमेरिकेतले मूलनिवासी त्याच्या वेण्या घालतात आणि धुपासारख्या जाळतात.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला थर्सो गावात रॉबर्ट डिक (१८११–१८६६) नावाचा पाववाला होता. भट्टीचं काम आटोपलं की तो रानोमाळ भटकायचा. १८३४ साली थर्सो नदीच्या काठी त्याला हे गवत सापडलं. ब्रिटनमध्ये ते उगवतं यावर तेव्हा जाणकारांचा विश्वास नव्हता. डिकने गाजावाजा केला नाही. एडिंबरोच्या अभ्यासकांपर्यंत ही माहिती पोचली ती थेट १८५४ मध्ये.

हे वाचल्यावर वाटलं, पाववाल्याला गवत ओळखता येतं, मग आपल्याला आपली दूर्वा का येऊ नये? इथे तिला ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणतात आणि बी पाकिटात मिळतं. मे महिन्यात ते कुंडीत पेरलं, कुंडी स्वयंपाकघराच्या उन्हाच्या खिडकीत ठेवली.

यंदा चतुर्थीला एकवीस काही भरल्या नाहीत. नीट तीन पात्यांच्या पाचच निघाल्या. लेकीने त्या मोजून बाप्पाला वाहिल्या. अंगणातलं गवत या वेळी कुणी खुडलं नाही.