शिवारातलं विज्ञान, लेखांक ६ : बोटांत धरता येणारी पेशी

आठवीच्या वर्गात ‘पेशी कशी दिसते?’ असं विचारलं की मुलं पुस्तकातली आकृती सांगतात. चौकोनी आकार, कडेने पेशीभित्तिका, आत केंद्रक, बाजूला हरितलवकं. उत्तर चुकीचं नाही, त्याला गुणही मिळतात. मात्र पेशी इतकी लहान असते की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, हेही मुलं त्याच दमात सांगून टाकतात. कपाशीच्या मुलखात तरी ते खरं नाही.

कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची पेशी फूल उमलतं त्या दिवशी वाढायला लागते आणि वाढतच जाते. आपल्याकडच्या अमेरिकन वाणांत ती अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते, पण तिची रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपासच राहते. एका सरकीवर असे दहा हजारांहून अधिक तंतू असतात. मेहकर तालुक्यातल्या डोणगावच्या शिवारात सोयाबीनने बरीच जागा घेतली असली, तरी पऱ्हाटी तिथल्या मुलांना नवखी नाही. आईबरोबर वेचणीला गेलेल्या पोरीने पेशींनीच ओटी भरलेली असते, आणि वर्गात तिलाच पेशी अदृश्य असते म्हणून शिकवलं जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एवढा जवळचा दाखला दुसऱ्या कुठल्या मुलखाला सहज मिळणार नाही.

गेल्या लेखांकात आपण काचपट्टी कशी तयार करायची ते पाहिलं. आज पुढची पायरी : पाहिलेलं मुलांनी कसं लिहायचं, आणि कोणासाठी.

प्रयोगवहीत मुलं लिहितात ती शिक्षकांसाठी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे रकाने ठरलेले, आणि अनुमान तर प्रयोगाच्या आधीच माहीत असतं. अशा वह्या चाळल्या की एक गोष्ट हमखास दिसते. कांद्याच्या पापुद्र्याच्या आकृतीत मुलांनी तंतुकणिका आणि गॉल्गी पिंड काढलेले असतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून खास रंग न वापरता तंतुकणिका ओळखता येत नाहीत, आणि गॉल्गी पिंडाच्या थैल्यांची रचना पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणजे मुलाने काचपट्टी पाहिली, पण आकृती पुस्तकातून उतरवली. उलटही घडतं. जाड काळ्या कडेचं सुरेख वर्तुळ मुलं पेशी म्हणून काढतात, आणि तो असतो काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा. हा बुडबुडा ज्याने काढला तो मला जास्त शिकणारा वाटतो, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलेलं तरी कागदावर आणलं. त्याला फक्त ‘सुईने काच हळूच दाब आणि पुन्हा बघ’ एवढंच सांगावं लागतं.

म्हणून प्रयोगवहीला हात न लावता तिच्या जोडीला वर्गाच्या भिंतीवर आठवड्याचं पान लावावं. त्यावर मुलांनी आपल्या नावाने लिहायचं, आणि वाचणार वर्गातली बाकीची मुलं. अट एकच : काय पाहिलं ते वरती, काय वाटतं ते खाली, दोन्हींच्या मध्ये रेघ.

सुरुवात कपाशीपासून करावी. ऑगस्टच्या अखेरीस, सप्टेंबरात पात्या उमलू लागल्या की प्रत्येकाने घरच्या किंवा शेजाऱ्याच्या शेतातल्या त्याच दिवशी उमललेल्या आठ-दहा फुलांच्या देठांना रंगीत दोरे बांधायचे आणि तारीख लिहायची. पहिल्या दिवशी फूल पांढरट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, त्यामुळे ताजं फूल ओळखायला अडचण नाही. मग दर आठवड्याला दोऱ्याचं एक बोंड तोडून उभं कापायचं. आतली ओली फोड उलगडून सरकीवरचे तंतू पाण्यात विंचरून पट्टीने मोजायचे. पहिले तीनेक आठवडे लांबी वाढताना दिसेल. पेशीच्या आतली रिक्तिका पाण्याने तट्ट फुगते, पातळ भित्तिकेवर दाब येतो आणि पेशी ताणली जाते. या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर धागा आखूड राहतो. बाजारात लांब धाग्याच्या कापसाला भाव जास्त का, हे पोरांना ठाऊक असतंच; आता त्याचं एक कारण त्यांना रिक्तिकेत सापडतं. पुढे लांबी थांबते आणि भित्तिकेच्या आतून सेल्युलोजचे थरावर थर बसत जातात. बोंड फुटेपर्यंत पेशी मरते, सुकते, चपटी होते आणि तिला पीळ पडतो. त्या पिळामुळेच एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो आणि सूत निघतं.

हा पीळ बघायला रंगही लागत नाही. पाण्याच्या थेंबात रुईचे दोन तंतू ठेवून कमी शक्तीच्या भिंगाखाली धरले की वळणं घेत गेलेली चपटी फीत दिसते. शेजारी गणवेशाच्या टेरिकॉटचा उसवलेला धागा ठेवावा. त्यात दोन प्रकार दिसतात : काही तंतू पिळाचे, काही काचेच्या कांडीसारखे सरळ आणि गुळगुळीत. सरळ तो पॉलिएस्टर, कारखान्यात ओढलेला. पिळाचा तो कधीतरी जिवंत होता. हे मुलांना आधी सांगू नये. दोन्ही काढायला लावावेत आणि ‘हे वेगळे का?’ एवढा प्रश्न भिंतीवर टाकून आठवडाभर थांबावं. उत्तरं लांबलचक येतील, काही चुकतील, आणि ती चुकणारी उत्तरं दुसरी मुलं दुरुस्त करतील.

लिहिल्याने खरंच कळतं का? अमेरिकेत मिशेलीन ची यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणाचा एक पाठ दिला. १४ मुलांनी प्रत्येक ओळ वाचून झाल्यावर तिचा अर्थ स्वतःला समजावून सांगायचा होता. १० मुलांनी तोच पाठ दोनदा वाचायचा होता. समजावून सांगणाऱ्यांची समज अधिक वाढली, आणि प्रश्न जितका अवघड तितका फरक मोठा दिसला. ती मुलं बोलत होती, लिहीत नव्हती, हे खरं. पण आपल्या पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायची पाळी कधी मिळणार? कागद मात्र सगळ्यांना एकाच वेळी मिळतो.

भाषेचंही इथंच सांगून टाकतो. एखादी पोरगी ‘पऱ्हाटीले बोंडं लागले’ असं लिहीत असेल तर तसंच लिहू द्यावं. केंद्रक, परासरण, प्रद्रव्यपटल हे शब्द तिला यायलाच हवेत, पण ते तिच्या वाक्यात बसले पाहिजेत. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याला लॅटिन येत नव्हतं. १६७३ पासून थेट १७२३ मध्ये मरेपर्यंत त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहिली, ती आपल्या डच भाषेत. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांबद्दलचं त्याचं १६७६ चं पत्र वाचून विद्वानांनी शंका घेतली. तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांना आपल्या भिंगातून ते जीव दाखवून त्याने त्यांच्या साक्षी लंडनला धाडल्या, आणि १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने तेच जीव स्वतः पाहून दुजोरा दिला. पाहणं, लिहिणं, दुसऱ्याने शंका घेणं, पुन्हा पाहणं : पेशीविज्ञान या क्रमाने उभं राहिलं आहे. भिंतीवरच्या पानाखाली ‘मला असं दिसलं नाही’ असं लिहिणारा मुलगा त्याच क्रमात उभा असतो, म्हणून त्याला उद्धट समजू नये.

परासरणासाठी डोणगावकरांना शेजारच्या तालुक्यातलं लोणार पुरेसं आहे. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि मोबाईलवर नाना तर्क फिरत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा त्यात मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे हॅलोआर्किया सापडले. मुलांपुढे प्रश्न असा ठेवावा : खारट पाण्यात आपली पेशी आकसते, मग यांची का आकसत नाही? आधी आकसणं डोळ्यांनी पाहावं. ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल काचपट्टीवर घेऊन मिठाचं पाणी सोडलं की थोड्याच मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आत गोळा होतो. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते यामुळेच, हे घरच्या लोणच्याकडे बघून मुलंच जोडतील. हॅलोआर्किया मात्र स्वतःच्या पेशीत पोटॅशियमचे आयन भरून बाहेरच्या खारेपणाची बरोबरी करतात, म्हणून त्यांच्यातलं पाणी बाहेर ओढलं जात नाही. सरोवर अभयारण्यात येतं, तेव्हा तिथून बाटल्या भरून आणायच्या भानगडीत पडू नये. पानाच्या सालीवर काम भागतं.

दोरे बांधायला गेलेल्या काही मुलांना डोमकळी सापडेल : पाकळ्या उमललेल्याच नाहीत, पिळून एकमेकींना चिकटलेल्या, आत गुलाबी बोंडअळी. हा विषय टाळू नये. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची वाणं आली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने बोंडअळीचा मोठा तडाखा सोसला. घरी औषधाचा आणि नुकसानीचा हिशोब मुलं ऐकत असतात. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्याच्या पेशींना चिकटतं, प्रद्रव्यपटलाला भोकं पाडतं, पेशी पाणी शिरून फुगते आणि फुटते. ज्या अळ्यांमध्ये ते प्रथिन चिकटण्याची जागाच बदलली, त्या वाचल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली. प्रद्रव्यपटल हा परीक्षेत दोन गुणांचा विषय. ज्या घरात त्यापायी अख्खी वेचणी वाया गेली, तिथल्या मुलाला त्यावर एक पान लिहायला सांगून बघा.

शिक्षकांचा रास्त प्रश्न असतो, एवढं वाचायचं कोणी? सगळं वाचू नये. आठवड्याला एका रांगेची पानं घ्यावीत, शुद्धलेखनाला त्या पानांपुरती सूट द्यावी आणि प्रत्येकाखाली फक्त एक प्रश्न लिहावा. बाकीची पानं मुलं एकमेकांची वाचतात. या पानांना गुण देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. गुण लागले की पुस्तकातल्या तंतुकणिका परत येतील.

पुढच्या लेखांकात सूत्री विभाजन घेऊ. त्यासाठी तयारी याच आठवड्यात करावी लागेल. मध्यम आकाराचे चार-पाच कांदे घ्या, बुडाची वाळलेली मुळं खरवडून काढा, आणि बूड जेमतेम पाण्याला टेकेल असे पेल्यांच्या तोंडावर ठेवा. पाणी रोज बदला. नवी मुळं दोनेक सेंटिमीटर झाली की टोकं कापायला तयार. कांदे दोन पेल्यांत तरी वेगवेगळे ठेवा. एकातलं पाणी हमखास कुजतं.