जुन्या वळणाचे मिररलेस कॅमेरे आणि लेन्सची निवड : गैरसमज व वस्तुस्थिती

मिररलेस कॅमेऱ्याच्या आत तिरपा आरसा नसतो. लेन्समधून आलेला प्रकाश थेट सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पटलावर, पडतो. याच यंत्राला फिल्मच्या काळातील कॅमेऱ्यांची ठेवण, धातूच्या तबकड्या आणि चामड्याच्या पोताचे आवरण दिले की त्याला रेट्रो कॅमेरा म्हटले जाते. फुजीफिल्मची एक्स-टी मालिका, तसेच निकॉनचे झेड एफसी (२०२१) आणि झेड एफ (२०२३) ही त्याची परिचित उदाहरणे असून, निकॉनच्या दोन्ही कॅमेऱ्यांचे रूप १९८२ च्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावरून घेतलेले आहे. रूप जुने असले तरी आतील यंत्रणा पूर्णपणे आजची असते, आणि या दोहोंतील अंतर लक्षात न घेतल्यामुळेच लेन्सच्या निवडीविषयी बरेच गैरसमज रुजले आहेत. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात ते तपासणे विशेष उपयोगी ठरते, कारण येथे उजनीच्या फुगवट्यावरील भिगवण-कुंभारगावचे पक्षी, कडबनवाडीचे गवताळ माळ, सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा आणि आषाढातील तुकोबांचा पालखी सोहळा असे परस्परांहून अगदी वेगळे विषय थोड्या अंतरात एकत्र आलेले आहेत.

पहिला आणि सर्वांत व्यापक समज असा की, रेट्रो कॅमेऱ्याला छोटी, जुन्या घडणीची आणि एकाच फोकल लेंथची लेन्सच शोभते व तीच त्याच्यासाठी योग्य असते. फोकल लेंथ म्हणजे दूरच्या वस्तूची रेखीव प्रतिमा लेन्सपासून किती अंतरावर तयार होते याचे मिलिमीटरमधील माप. ते जितके मोठे तितका दिसणारा कोन अरुंद आणि वस्तू मोठी. ज्या लेन्सचे हे माप बदलत नाही तिला प्राइम आणि बदलते तिला झूम म्हणतात. निकॉनने या कॅमेऱ्यांसाठी काढलेल्या २८ मिमी एफ/२.८ आणि ४० मिमी एफ/२ या लेन्सच्या ‘एसई’ आवृत्त्यांवर जुन्या पद्धतीची नक्षी आणि पट्टी असली, तरी त्यांची काच त्याच मापांच्या साध्या आवृत्त्यांसारखीच आहे, त्यामुळे अशा लेन्समुळे छायाचित्राला जुनेपणा येतो ही समजूत निराधार आहे. त्यांचा खरा गुण वजनात आहे. झेड एफ बॅटरी आणि कार्डासह सुमारे ७१० ग्रॅम भरतो आणि ४० मिमीची लेन्स जेमतेम १७० ग्रॅमची असते, त्यामुळे वारीत दिवसभर चालणाऱ्याच्या खांद्याला ही जोडी जड जात नाही.

तरीही वारीसाठी प्राइमच घ्यावी असा निष्कर्ष यातून निघत नाही. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते तेव्हा पालखीभोवती धावणाऱ्या कळपाने धूळ उठते, आणि बेलवाडी किंवा इंदापूरच्या गोल रिंगणात अश्व धावत असताना गर्दीमुळे छायाचित्रकाराला एक पाऊलही पुढे-मागे सरकता येत नाही. प्राइम वापरणाऱ्याला अशा वेळी लेन्स बदलावी लागते, आणि मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे आरसा नसल्याने, ज्या कॅमेऱ्यांत लेन्स काढताच सेन्सर झाकणारा पडदा नाही त्यांत ती धूळ सरळ सेन्सरवर जाऊन बसते. २४ ते १२० मिमीसारखी एक झूम लेन्स ही जोखीम टाळते आणि बसल्या जागेवरून रिंगणाचा पूर्ण घेर व पताकाधारी वारकऱ्याचा चेहरा अशी दोन्ही चित्रे देते. झूम नवख्यांसाठी आणि प्राइम जाणकारांसाठी ही विभागणी त्या काळाची आहे, जेव्हा झूमची काच खरोखरच कमी प्रतीची असे. आजच्या चांगल्या झूमबाबत ती टिकत नाही.

दुसरा गैरसमज ॲपर्चरविषयी आहे. ॲपर्चर म्हणजे लेन्समधील प्रकाश येण्याचे लहानमोठे होणारे छिद्र, आणि एफ-क्रमांक म्हणजे फोकल लेंथला त्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. म्हणून क्रमांक लहान तितके छिद्र मोठे. एफ/१.२ ची लेन्स एफ/२ च्या लेन्सपेक्षा पावणेतीन पट प्रकाश आत घेते हे खरे असले, तरी त्यावरून ती सर्व कामांना श्रेष्ठ ठरत नाही. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या वारकरी स्त्रीचे चित्र दोन मीटरवरून ५० मिमी एफ/१.२ ने पूर्ण उघड्या छिद्रावर घेतल्यास रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटरचा असतो. डोळे स्पष्ट येतात, पण वृंदावनाला धरलेले, थोडे पुढे आलेले हात धूसर होतात. दिंडीच्या चित्रात मागची माणसेही ओळखू यायला हवी असतील तर छिद्र एफ/८ पर्यंत लहान करावे लागते, आणि एफ/८ वर महागडी लेन्स व साधी लेन्स यांतील फरक फारच कमी उरतो. आजचे सेन्सर मंद प्रकाशातही पुष्कळ तपशील टिपत असल्याने, रात्रीच्या मुक्कामावरील कीर्तनासाठी एफ/२ बहुतेक वेळा पुरेसे असते.

सर्वाधिक गोंधळ आढळतो तो क्रॉप फॅक्टरच्या बाबतीत. पूर्णचौकटी, म्हणजे फुल-फ्रेम, सेन्सर ३६ × २४ मिमीच्या फिल्मएवढा असतो; फुजीफिल्मच्या एक्स-टी मालिकेतील आणि झेड एफसीमधील एपीएस-सी सेन्सर सुमारे दीडपटीने लहान असतो, आणि हीच दीडपट म्हणजे क्रॉप फॅक्टर. लहान सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५ मिमीची होते असे सर्रास सांगितले जाते, परंतु लेन्सची फोकल लेंथ बदलत नाही. तिने पाडलेल्या प्रतिमेचा मधला भाग तेवढा टिपला जातो, त्यामुळे दिसणारा कोन फुल-फ्रेमवरील ७५ मिमीइतका अरुंद होतो. भिगवणला याचा अर्थ नेमका कळतो. शंभर मीटरवर उभ्या असलेल्या रोहिताचे, म्हणजे फ्लेमिंगोचे, चित्र फुल-फ्रेमवर ६०० मिमीने घेतले तर चौकटीत ६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच भाग मावतो, म्हणून सुमारे सव्वा मीटर उंचीचा पक्षी चौकटीच्या उंचीचा जेमतेम एक-तृतीयांश भाग व्यापतो. एपीएस-सीवर तोच पक्षी जवळजवळ निम्मी उंची व्यापतो. शिवाय फुल-फ्रेम झेड एफचे चित्र तेवढ्याच भागापुरते कापले तर साडेदहा मेगापिक्सेलच्या आसपास उरतात, तर झेड एफसी त्याच भागावर २०.९ मेगापिक्सेल देतो. म्हणजे केवळ दूरच्या पक्ष्यांपुरते पाहिले तर स्वस्त व लहान कॅमेरा तपशिलाच्या बाबतीत पुढे जातो, ही बाब खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते. आणि ४० मिमीची देखणी लेन्स? शंभर मीटरवर तिच्या चौकटीत ९० मीटर रुंदीचा भाग येतो. थवा, पाणी व आभाळ यांचे चित्र म्हणून ते सुंदर असेल, पण त्यात पक्षी ठिपक्याएवढाच असतो.

मोठ्या लेन्सबाबत आणखी एक अपेक्षा बाळगली जाते, ती म्हणजे लांब फोकल लेंथने अंतर नाहीसे होते. उजनीच्या पाण्यावर ऊन चढले की तापलेल्या हवेचे थर हलू लागतात आणि दूरचा पक्षी थरथरता दिसतो. लेन्स त्या हवेसह सर्वच मोठे करते, म्हणून महाग काचेनेही हा दोष जात नाही, त्यासाठी पहाटेची वेळ आणि कमी अंतर हेच उपाय आहेत. त्याचप्रमाणे कॅमेऱ्यातील कंपनरोधक यंत्रणेने उडता पक्षी स्थिर टिपता येतो हा समजही चुकीचा आहे. झेड एफमधील यंत्रणा मानक चाचणीत आठ स्टॉपपर्यंत साहाय्य देते (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडे ठेवता येते), पण ते धरणाऱ्याच्या हाताच्या थरथरीपुरते. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख थांबवायचे तर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरच लागते. रेट्रो कॅमेऱ्यांची समोरची पकड उथळ असल्याने दोन किलोंच्या आसपासची लेन्स जोडल्यावर सारे वजन डाव्या हाताने लेन्सखालीच तोलावे लागते. हलत्या होडीत तिपाईचा फारसा उपयोग नसतो. कडबनवाडीच्या माळावर वाहनाच्या खिडकीत कडधान्य भरलेली जाड कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवणे अधिक सोयीचे पडते.

घरातील किंवा गावच्या स्टुडिओतील जुन्या लेन्सविषयी दोन टोकांची मते आढळतात. एक मत असे की ॲडॅप्टरमुळे चित्राचा दर्जा घसरतो. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी होते आणि नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे, मधले ३०.५ मिमी भरून काढणारा ॲडॅप्टर ही काच नसलेली पोकळ नळी असते, त्यामुळे ती नीट घडवलेली असेल तर दर्जा घटण्याचे कारण उरत नाही. दुसरे मत असे की जुनी लेन्स पूर्वीसारखीच चालते. निकॉनच्या स्वतःच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये लेन्स फिरवणारी मोटर नाही, म्हणून स्टुडिओंत आजही आढळणाऱ्या, स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच साधावा लागतो. शिवाय जुन्या लेन्सवरील परावर्तनरोधक लेप आजच्याइतका प्रभावी नसल्याने, पाण्यावरून येणाऱ्या चकाकीसमोर चित्र फिकट पडू शकते. पळसदेवच्या, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या प्राचीन मंदिरासारख्या स्थिर विषयावर, सूर्य पाठीशी ठेवून, हीच जुनी लेन्स समाधानकारक काम देते.

या दोन तालुक्यांत काम करू इच्छिणाऱ्याने पहिली लेन्स साधी झूम, दुसरी ४० मिमीच्या आसपासची हलकी प्राइम आणि पक्षी वा चिंकारा हाच मुख्य विषय असल्यास तिसरी लांब झूम घ्यावी, आणि ही लांब लेन्स विकत घेण्यापूर्वी एका फेरीपुरती भाड्याने वापरून पाहावी. ती जवळ नसेल तर तिची उणीव भरून काढण्यासाठी कुंभारगावच्या नावाड्याला होडी थव्याच्या आणखी जवळ नेण्याचा आग्रह मात्र कोणी करू नये. उथळ पाण्यात चरणारा थवा उठला की पक्ष्यांचे खाणे थांबते आणि त्यांची शक्ती विनाकारण उडण्यात खर्च होते.