कातळातले आटे

लिंगाण्यावर हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी जी झुंबड उडते, तिचा सगळा भार शेवटी बोटभर पोलादावर असतो. मोहरीहून बोराट्याच्या नाळेने उतरून खिंडीत आलं की सुळका अंगावर येतो. उंची 2,969 फूट, कोकणच्या बाजूने पायथ्याला महाड तालुक्यातलं पाने गाव, पाठीशी रायलिंगचं पठार, समोर रायगड. शिवकाळात इथे कैदी ठेवत. आज वर जायचं तर दोर, त्या दोरावर चढायचं जुमार आणि कातळात ठोकलेले बोल्ट, एवढाच आधार.

बॅटरीवरची ड्रिल येण्याआधी फ्रेंच गुहाशोधकांनी एक युक्ती रुळवली होती. करंगळीपेक्षा लहान पोलादी नळी, एका टोकाला करवतीसारखे दात, आत 8 मिलिमीटरचे आटे. नळी हत्याराला पिळायची, कातळावर टेकवायची. ठोका, थोडं फिरवणं, परत ठोका. नळी स्वतःचं भोक स्वतःच पाडते. 3 सेंटीमीटर आत गेली की बाहेर काढायची, पूड फुंकायची (डोळे मिटून, नाहीतर बाकीचा दिवस डोळे चोळण्यात जातो), दातांच्या तोंडात शंकूसारखी पाचर अडकवायची आणि परत ठोकायची. पाचरीवर नळी फाकते आणि कातळ धरून बसते. मग बोल्ट पिळून दोरासाठीचा हँगर लावायचा. उतरताना दोन्ही काढून खिशात टाकले की कातळात फक्त आटे उरतात. ती बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून या नळीला ‘स्पिट’च म्हणू लागले.

बर्फावरच्या स्कीलाही असेच कायमचे आटे लागतात. बूट पकडणारं बाइंडिंग स्कीवर स्क्रूने बसवतात आणि प्रत्येक बनावटीची भोकं वेगळ्या जागी येतात. डोंगर चढायला एक बाइंडिंग, उतारावर सुसाट जायला दुसरं. दर बदलाला नवी भोकं पाडली तर आतल्या लाकडाची चाळण होते. म्हणून काही जण स्टेनलेसची, आतबाहेर आटे असलेली बुशं इपॉक्सीत कायमची बसवतात आणि त्यांत 5 मिलिमीटरचे बोल्ट पिळतात. बाइंडिंग मग पेचकसाने काही मिनिटांत बदलतं. महाडच्या गॅरेजवाल्याला यात नवल वाटणार नाही. दुचाकीच्या ॲल्युमिनियम हेडमधले प्लगचे आटे गेले की भोक वाढवून बुश मारणं ही जुनीच रीत. मात्र स्कीत इपॉक्सी नीट भरलं नाही तर पाणी शिरून लाकूड कुजतं.

कातळ कुजत नाही, पण तो सगळीकडे सारखाही नसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. एक थर घट्ट काळा, तर त्याच्या शेजारचा बुडबुड्यांनी सच्छिद्र, पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेला. हातोडीने वाजवून बघायचं. खणखणीत आवाज आला तर भोक पाडावं, बद्द आला तर पुढे सरकावं. गिर्यारोहणाच्या बोल्टसाठीच्या युरोपीय मानकात आडव्या ओढीला 25 किलोन्यूटन, म्हणजे अडीच टनांचा भार धरला आहे. तो पोकळ दगडाला माहीत नसतो. दोन भोकांत वीतभर अंतर हवं, कारण ओढ बसली की बोल्टभोवतीचा दगड शंकूसारखा उखडू पाहतो. भोकं जवळ असली की दोन्ही शंकू एकमेकांत घुसतात.

आणि पाऊस! महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. साधं पोलाद यात किती टिकणार? स्पिटची खरी गोम इथेच आहे. हँगर बदलता येतो, पण गंजलेली नळी सहज निघत नाही. मग जुन्याच्या शेजारी नवं भोक, त्याच्या शेजारी आणखी एक. स्टेनलेसचा हँगर साध्या बोल्टवर चढवणारेही आहेत. दोन धातू एकत्र ओले राहिले की सहज गंजणारा धातू आधी खाल्ला जातो, म्हणजे चकाकत्या हँगरमागचा बोल्टच जातो.

पोलादपूरहून खेडकडे जाणाऱ्या कशेडी बोगद्यातही डोंगर तोलायला बोल्टच असतात. पण ते काढायचे नसतातच, सिमेंटच्या भरावात कायमचे पुरायचे. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांसारख्या जुन्या खोदकामांची गोष्ट उलटी आहे. पश्चिम भारतातल्या लेण्यांत दारांसाठी कातळात खोबणी कोरलेली दिसते. लाकडी दार झिजलं की नवं बसवायचं, खोबण तीच.

लिंगाण्याचं पुढचं काम या रीतीने व्हावं, असं मला वाटतं. 316 जातीच्या स्टेनलेसचे, भोकातून परत काढता येणारे बोल्ट आता मिळतात. महाग आहेत, पण सुळक्यावर माणशी पैसे घेऊन लोक नेणाऱ्यांनी हा खर्च उचलायला हरकत नसावी. जुनी नळी भोक वाढवून काढावी, तिथेच जाड बोल्ट बसवावा, आणि तो कोणत्या धातूचा, कोणत्या साली ठोकला याची नोंद वर जाणाऱ्याला पायथ्यालाच वाचता यावी.